बीटा ग्लोबिनचं जनुक कागद-पेन्सिलीनं कसं वाचायचं

डीएनएच्या पिळाची आकृती पाठ असते, प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए बनणं) आणि भाषांतरण (आरएनएवरून प्रथिन बनणं) यांवरचा पाच मार्कांचा प्रश्नही सुटतो. पण समोर खरंखुरं जनुक ठेवून ‘यातून कोणतं प्रथिन होईल ते लिहा’ म्हटलं की हात अडतो. अडतो तो बहुतेक वेळा दोनच ठिकाणी: कुठल्या दिशेनं वाचायचं, आणि तीन-तीनचे गट कुठून पाडायला लागायचं. ही दोन ठिकाणं सांभाळली तर उरलेलं काम कारकुनीचं आहे.

सरावाला बीटा ग्लोबिनचं जनुक घ्या. त्याचं संक्षिप्त नाव एचबीबी. हिमोग्लोबिनमधल्या चार साखळ्यांपैकी दोन या जनुकातून येतात. आकार आटोपशीर आहे: सगळं मिळून साधारण १६०० अक्षरं, आणि त्यातली प्रथिनाला लागणारी फक्त ४४४. शिवाय त्यातलं एक अक्षर बदललं की सिकलसेल हा रक्ताचा आजार होतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे ‘एएस पॅटर्न’ (वाहक), ‘एसएस पॅटर्न’ (पीडित) हे शब्द कितीतरी घरांत माहीत आहेत. ते शब्द ज्या अक्षरावरून आले, त्या अक्षरापर्यंत आपल्याला बोट न्यायचंय.

लागणारं सामान: गणिताची चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर, लाल आणि निळं पेन, आणि कोडॉनचा तक्ता. कोडॉन म्हणजे एका अमिनो आम्लाची खूण असलेला तीन अक्षरांचा गट. चौकटीचीच वही घ्या, आणि एका चौकटीत एकच अक्षर लिहा. एकरेघी वहीत अक्षरं सरकतात, एखादं गळतं, आणि एक अक्षर गळलं की पुढचं सगळं प्रथिन चुकतं. पेशीच्या बाबतीतही नेमकं हेच होतं. ते पुढे पाहू.

आधी धागा नीट काढा

डीएनएचा एकेक मणी तीन तुकड्यांचा असतो: डीऑक्सिरायबोज साखर, फॉस्फेट आणि एक बेस. बेस चार: ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन, सायटोसीन. आपण त्यांना ए, टी, जी, सी म्हणू. साखरेतल्या कार्बन अणूंना क्रमांक असतात. १′ वर बेस लटकतो, ५′ वर फॉस्फेट, आणि ३′ वर पुढच्या मण्याचं फॉस्फेट जोडलं जातं. म्हणून धाग्याचं एक टोक ५′ आणि दुसरं ३′. ५′ हे ‘पाच प्राइम’ असं वाचतात. हे क्रमांक घोकायचं कंटाळवाणं प्रकरण वाटतं, पण दिशा म्हणतात ती हीच. सगळी जनुकं ५′ कडून ३′ कडे लिहायची पद्धत आहे, आणि पेशीसुद्धा नवा धागा त्याच दिशेनं वाढवते.

समोरचा धागा उलट दिशेनं धावतो. ए समोर टी, त्यांच्यात दोन हायड्रोजन बंध. जी समोर सी, त्यांच्यात तीन. आकृती काढताना दोन्ही धाग्यांच्या वरच्या टोकाला ५′ लिहिलंत तर ती आकृती चुकीची. एकीकडे वर ५′ असेल तर दुसरीकडे वर ३′ यायलाच हवं.

पिळाची मापं सोपी आहेत. रुंदी २ नॅनोमीटर, दोन जोड्यांमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर, आणि एका पूर्ण फेरीत साधारण साडेदहा जोड्या. वहीत २ सेंटिमीटर रुंदीचा पिळ काढलात तर एक फेरी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास बसवा. दोन धाग्यांमधल्या खाचा सारख्या काढू नका. एक रुंद असते, एक अरुंद. पिळ उजवा आहे, म्हणजे पुढून दिसणारे पट्टे खालून डावीकडून वर उजवीकडे चढले पाहिजेत. खात्री करायची तर भिंतीतला साधा स्क्रू उभा धरून त्याचे आटे बघा. ते तसेच चढतात. डावा पिळ छापलेली पोस्टरं आणि पुस्तकांची मुखपृष्ठं इतकी आहेत की शोधायला लागलात तर आठवड्याभरात एखादं सापडेल.

१९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी हा पिळ मांडला. त्यामागे रोझालिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत १९५२ मध्ये टिपलेलं क्ष-किरण छायाचित्र होतं, आणि डीएनएमध्ये ए इतकाच टी आणि जी इतकाच सी असतो हे शारगाफ यांनी दाखवून दिलेलं गणितही होतं.

आरएनएमध्ये तीन फरक. धागा सहसा एकेरी असतो. थायमीनऐवजी युरॅसिल, म्हणजे यू, येतो. आणि साखरेच्या २′ कार्बनवर एक जादा ऑक्सिजन असतो. त्या एका ऑक्सिजनमुळे आरएनए नाजूक होतो. अल्कलीत तो आपला आपणच तुटतो, डीएनए तुटत नाही. ठेवणीतली प्रत डीएनएची आणि रोजच्या कामाची आरएनएची का, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. टी कशाला हवा होता, यू चालला नसता का, हा प्रश्न मुलं विचारतात आणि तो चांगला प्रश्न आहे. सायटोसीनमधला अमिनो गट अधूनमधून आपोआप गळतो आणि त्याचा युरॅसिल होतो. डीएनएत मुळातच यू असता तर हा बिघडलेला यू कुठला आणि खरा कुठला ते दुरुस्ती करणाऱ्या एन्झाइमला कळलं नसतं. आता डीएनएत यू दिसला की तो बिघाडच, काढून टाका.

जनुक मिळवा आणि योग्य धागा ओळखा

एनसीबीआय या संकेतस्थळावर मानवी एचबीबी शोधा. ते फुकट आहे, नावनोंदणी लागत नाही. तिथे एमआरएनएची, म्हणजे जनुकावरून उतरवलेल्या आरएनए प्रतीची, नोंद एनएम_०००५१८ या क्रमांकानं मिळते. त्यात ‘सीडीएस’ असं लिहिलेल्या जागी ५१ ते ४९४ हे आकडे दिसतील. प्रथिनाचा मजकूर ५१व्या अक्षराला सुरू होतो आणि ४९४व्याला संपतो. वजाबाकी करताना एक मिळवायला विसरू नका: ४९४ मधून ५१ वजा केले तर ४४३, अधिक १ म्हणजे ४४४. याला तीननं भागलं की १४८. शेवटचा कोडॉन थांबण्याचा, म्हणून अमिनो आम्लं १४७. हा आकडा पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पडताळ्याला लागेल.

सुरुवातीची अक्षरं ही. गंमत म्हणजे नोंद एमआरएनएची असली तरी तिथे यू ऐवजी टी छापलेला असतो. तशी प्रथाच आहे.

एटीजी जीटीजी सीएटी सीटीजी एसीटी सीसीटी जीएजी जीएजी एएजी टीसीटी जीसीसी जीटीटी एसीटी जीसीसी सीटीजी टीजीजी जीजीसी एएजी जीटीजी एएसी जीटीजी जीएटी जीएए जीटीटी जीजीटी जीजीटी जीएजी जीसीसी सीटीजी जीजीसी एजी…

हा झाला कोडिंग धागा. प्रतिलेखन करणारं एन्झाइम, आरएनए पॉलिमरेज, मात्र याला हात लावत नाही. ते समोरचा साचा धागा वाचतं. शिक्क्यावर अक्षरं उलटी असतात आणि कागदावर सुलटी उमटतात, तसं. साचा धागा ३′ कडून ५′ कडे वाचला जातो आणि एमआरएनए ५′ कडून ३′ कडे वाढतो. पहिल्या आठ कोडॉनांसमोरचा साचा, ३′ टोकापासून लिहिला तर, असा:

टीएसी सीएसी जीटीए जीएसी टीजीए जीजीए सीटीसी सीटीसी

यावरून एमआरएनए काढायचा तर टी समोर ए, ए समोर यू, सी समोर जी, जी समोर सी. येतो तो एयूजी जीयूजी सीएयू सीयूजी… म्हणजे कोडिंग धागाच, फक्त टी च्या जागी यू. म्हणून हाती कोडिंग धागा असेल तर पूरक अक्षरं काढत बसायचं कारण नाही. टी खोडून यू लिहा, काम झालं. परीक्षेत निम्मी मुलं कोडिंग धाग्याचाच पूरक काढतात आणि मग एयूजी सापडत नाही म्हणून हैराण होतात.

खरा सापळा गुणसूत्राचा नकाशा उघडला की येतो. एचबीबी ११व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे, आणि नकाशावर जो धागा छापलेला असतो त्याच्या उलट बाजूच्या धाग्यावर ते लिहिलेलं आहे. नकाशात डावीकडून उजवीकडे वाचलंत तर तुम्हाला हे दिसेल:

सीटीसी सीटीसी एजीजी एजीटी सीएजी एटीजी सीएसी सीएटी

नीट बघा, यातही एक एटीजी आहे! तिथून वाचायला लागलात तर मिथिओनिन, हिस्टिडिन, हिस्टिडिन असं काहीतरी छान निघतं आणि आपण बरोबर रस्त्यावर आहोत असं वाटतं. हा एटीजी खोटा. खरा सुरुवातीचा एटीजी या ओळीच्या शेवटी उलटा होऊन ‘सीएटी’ म्हणून बसलाय. उपाय असा की जनुकाच्या नावाशेजारचा बाण कुठे तोंड करून आहे ते आधी बघायचं. तो डावीकडे असेल तर संपूर्ण ओळ शेवटाकडून उलटी लिहायची आणि प्रत्येक अक्षराचा पूरक घ्यायचा. दोन्ही करायचं. नुसतं उलटं केलं किंवा नुसता पूरक घेतला तर निघेल तो धागा या जनुकात कुठेच नसतो.

तीन-तीनचे गट

सुरुवातीचा एटीजी सापडला की त्याच्याभोवती लाल चौकट करा. एमआरएनएच्या ५′ टोकापासून येताना लागणारा पहिलाच एटीजी इथे खरा आहे. त्याच्या आधीची ५० अक्षरं प्रथिनात जात नाहीत. एटीजीच्या तीन अक्षरं मागे ए आणि लगेच पुढे जी, म्हणजे ‘एसीसी एटीजी जी’, अशी मांडणी प्रथिन जोडणाऱ्या रायबोझोमला थांबून सुरुवात करायला सोयीची असते. एचबीबीत ती नेमकी आहे.

आता लाल चौकटीपासून दर तीन अक्षरांनी निळी उभी रेघ मारा. आधी सगळ्या रेघा मारा, मग तक्ता उघडा. तक्ता बघत बघत रेघा मारणारा माणूस हमखास घसरतो. दहा कोडॉन झाले की क्रमांक टाका.

तक्त्यात पहिलं अक्षर डावीकडच्या रकान्यात, दुसरं वरच्या ओळीत, तिसरं उजवीकडे. पहिल्या दोघांची अदलाबदल ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. आपल्या जनुकात ती लगेच पकडता येते, कारण तिसरा कोडॉन सीएयू म्हणजे हिस्टिडिन आणि पाचवा एसीयू म्हणजे थ्रिओनिन. हे दोन उलटे आले तर तक्ता तिरका वाचला गेलाय.

पहिली दहा अमिनो आम्लं अशी यायला हवीत: मिथिओनिन, व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, लायसिन, सेरीन.

हा तक्ता आकाशातून पडलेला नाही. १९६१ मध्ये निरेनबर्ग आणि मथाई यांनी नुसत्या यू चा आरएनए दिला तेव्हा नुसत्या फेनिलॲलनिनची साखळी निघाली. पुढे हरगोविंद खोराना यांनी ठरावीक क्रमाचे आरएनए घडवून एकेक कोडॉन सोडवले, आणि १९६८ चं नोबेल निरेनबर्ग, खोराना आणि होली यांना मिळालं. एकूण कोडॉन ६४. त्यातले ६१ अमिनो आम्लांचे. यूएए, यूएजी, यूजीए हे तीन थांबण्याचे.

मध्येच आणखी एटीजी लागला तर दचकू नका. एचबीबीत ५६व्या जागी एक आहे. तो फक्त मिथिओनिन. पुन्हा सुरुवात करायची नाही.

पडताळ्याची एक युक्ती फार कमी ठिकाणी सांगितली जाते. बीटा ग्लोबिनमध्ये आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल एकदाही येत नाही. त्यामुळे वाचताना एटीटी, एटीसी किंवा एटीए असा कोडॉन लागला तर तिथेच पेन्सिल ठेवा आणि मागे जा. कुठेतरी अक्षर गळलंय. शेवट असा व्हायला हवा: जीसीसी सीएसी एएजी टीएटी सीएसी टीएए. म्हणजे ॲलनिन, हिस्टिडिन, लायसिन, टायरोसिन, हिस्टिडिन, थांबा. १४८व्या गटाला टीएए आला तर काम चोख.

इंट्रॉन: न दिसणारी ठेच

एमआरएनएच्या नोंदीवरून वाचणाऱ्याला इंट्रॉनचा त्रास नाही. पण जनुकाची पूर्ण नोंद घेतलीत तर मजकूर मध्येच तुटतो. एमआरएनएत टिकणारे तुकडे ते एक्सॉन, त्यांच्यामधले कापून टाकले जाणारे ते इंट्रॉन. एचबीबीचे तीन एक्सॉन १४२, २२३ आणि २६१ अक्षरांचे आणि त्यांच्यामधले दोन इंट्रॉन १३० आणि ८५० अक्षरांचे. म्हणजे पहिल्या प्रतीतली निम्म्याहून जास्त अक्षरं पेशी कापून फेकते. जवळजवळ प्रत्येक इंट्रॉन जीटी नं सुरू होतो आणि एजी वर संपतो. पण जीटी दिसला की कापायचं असं करू नका. जीटी जागोजागी असतात, आपल्या दुसऱ्याच कोडॉनमध्ये आहे. नोंदीतले एक्सॉनचे आकडे घ्या आणि त्यांवरूनच कापा.

पहिला एक्सॉन कोडॉनच्या मध्येच तुटतो. वरची ओळ ‘एजी’ वर संपलीय ती त्यामुळेच. तिसरं अक्षर इंट्रॉनच्या पलीकडे, दुसऱ्या एक्सॉनच्या सुरुवातीला आहे: जी. जोडून एजीजी, म्हणजे आर्जिनिन. त्यापुढे सीटीजी सीटीजी जीटीजी: ल्युसिन, ल्युसिन, व्हॅलिन.

आता समजा इंट्रॉन कापायचा राहिला. इंट्रॉनची सुरुवात जीटीटीजीजीटीएटीसीए अशी आहे. एजी ला त्याचा पहिला जी जोडला की पुन्हा एजीजी, आर्जिनिनच! पुढे टीटीजी, तोही ल्युसिन. दोन अमिनो आम्लं बरोबर आली म्हणून वाचणारा निर्धास्त पुढे जातो. मग जीटीए, टीसीए म्हणजे व्हॅलिन आणि सेरीन, आणि तिथून सगळंच भरकटतं. काही वेळानं इंट्रॉनच्या आतच टीजीए लागून साखळी खुंटते. साखळी १४७ पेक्षा फार आखूड आली तर पहिला संशय याच जागेवर घ्या.

पेशीत कापाकापीबरोबरच एमआरएनएच्या पुढच्या टोकाला ग्वानीनची टोपी बसते आणि मागे ए ची लांब शेपटी. मग तो केंद्रकाबाहेर पडतो.

रायबोझोमवर

इथे थोडक्यात. टीआरएनए म्हणजे अमिनो आम्ल वाहून आणणारा छोटा आरएनए. त्याच्या एका टोकाला अमिनो आम्ल, दुसरीकडे तीन अक्षरांचा अँटिकोडॉन. तोही समोरासमोर, उलट्या दिशेनं बसतो. एयूजी चा अँटिकोडॉन ५′ कडून लिहिला तर सीएयू होतो, यूएसी नाही. यूएसी लिहायचाच असेल तर त्याच्या डावीकडे ३′ लिहा. तिसऱ्या अक्षरात थोडी ढिलाई चालते, म्हणून ६१ कोडॉनांसाठी ६१ वेगळे अँटिकोडॉन लागत नाहीत. सीएयू आणि सीएसी हे हिस्टिडिनचे दोन्ही कोडॉन एकाच अँटिकोडॉननं भागतात. रायबोझोम सेकंदाला साधारण पाच-सहा अमिनो आम्लं जोडतो, त्या हिशेबानं बीटा ग्लोबिनची साखळी अर्ध्या मिनिटाच्या आत पुरी होते.

साखळी वाढत असतानाच पहिला मिथिओनिन छाटला जातो. उरतात १४६ अमिनो आम्लं, आणि पहिला क्रमांक व्हॅलिनला मिळतो. या छाटणीमुळे क्रमांकांचा जो घोळ होतो तो आत्ताच समजून घ्या: जुन्या पुस्तकांत सिकलसेलचा बदल ‘सहाव्या’ जागी लिहिलेला असतो आणि आताच्या जनुकीय रिपोर्टात ‘सातव्या’. जागा एकच. पुस्तकवाले मिथिओनिन सोडून मोजतात, रिपोर्टवाले धरून.

एक अक्षर बदललं

सातव्या कोडॉनवर बोट ठेवा: जीएजी. मधला ए जाऊन टी आला की जीटीजी. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. सिकलसेल तो हाच, आणि हे बदललेलं हिमोग्लोबिन म्हणजे हिमोग्लोबिन एस. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो आणि ते पाण्यात खुशाल राहतं; व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरतं. हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडला की त्याच्या पृष्ठभागावर एक खोबण उघडी पडते आणि शेजारच्या रेणूचा हा व्हॅलिन तिच्यात जाऊन बसतो. एकाला एक चिकटत लांबलचक दोरे तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. ऑक्सिजन असताना ती खोबण बंद असते, म्हणून त्रास ऑक्सिजन कमी झाल्यावर उसळतो.

याच कोडॉनचा पहिला जी बदलून ए झाला तर एएजी, म्हणजे लायसिन: हिमोग्लोबिन सी. २७व्या कोडॉनवर अगदी हाच बदल झाला, जीएजी चा एएजी, तर हिमोग्लोबिन ई, जे ईशान्य भारतात खूप आढळतं. आणि १२२व्या जागी जीएए चा सीएए झाला, म्हणजे ग्लुटामिक आम्लाच्या जागी ग्लुटामिन आलं, तर हिमोग्लोबिन डी-पंजाब.

आता या चौघांचा विद्युत भार मोजा. एस मध्ये ऋण भार गेला आणि उदासीन व्हॅलिन आला; डी मध्ये ऋण गेला आणि उदासीन ग्लुटामिन आलं. दोन्हीत फरक एकाचा. सी आणि ई मध्ये ऋण जाऊन धन लायसिन आला, फरक दोनाचा. अल्कधर्मी माध्यमातल्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे विजेच्या ओढीनं प्रथिनं वेगळी करण्याच्या चाचणीत, एस आणि डी एकाच ठिकाणी, तर सी आणि ई आणखी मागे, पुन्हा एकाच ठिकाणी येतात, याचं कारण एवढंच. पट्टा बघून ‘एस’ लिहिणं म्हणूनच घाईचं. सोल्युबिलिटी चाचणीत (हिमोग्लोबिन विरघळतं का ते बघतात) एस मुळे द्रावण गढूळ होतं, डी मुळे होत नाही. मात्र त्या चाचणीला वाहक आणि पीडित यांतला फरक कळत नाही, आणि तान्ह्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असल्यानं ती फसते.

थेट अक्षर तपासायचं तर डीएनए हवा. प्रौढ तांबड्या पेशीला केंद्रकच नसतं, तेव्हा आजार तांबड्या पेशींचा असला तरी डीएनए मिळतो तो त्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींतून. एमएसटी-२ नावाचं एन्झाइम सीसीटी, मग कुठलंही एक अक्षर, मग एजीजी अशी सात अक्षरं दिसली की डीएनए कापतं. आपल्या ओळीत सीसीटी जीएजी जीएजी यात ती आहेत: सीसीटी-जी-एजीजी. ए चा टी झाला की ही खूण पुसली जाते आणि डीएनए तिथे कापला जात नाही. वहीत दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून स्वतः बघा, एका चौकटीचा फरक दिसेल.

एक अक्षर वाढलं

बदललेल्या अक्षरानं एक अमिनो आम्ल बदलतं. शिरलेल्या अक्षरानं काय होतं ते या व्यायामात कळतं, आणि चौकटीची वही का घ्यायला लावली तेही. नवव्या कोडॉननंतर, म्हणजे एएजी आणि टीसीटी यांच्यामध्ये, एक जी घुसवा. हा कल्पित बदल नाही, भारतात बीटा थॅलेसेमियाच्या (बीटा ग्लोबिन कमी किंवा अजिबात न बनण्याच्या आजाराच्या) कारणांमध्ये तो आढळतो. पुढच्या सगळ्या निळ्या रेघा खोडा आणि नव्यानं मारा:

जीटीसी टीजीसी सीजीटी टीएसी टीजीसी सीसीटी जीटीजी जीजीजी सीएए जीजीटी जीएए सीजीटी जीजीए टीजीए

व्हॅलिन, सिस्टीन, आर्जिनिन, टायरोसिन, आणि असं करत चौदाव्या गटाला टीजीए. सगळं मिळून २२ अमिनो आम्लं झाली आणि साखळी खुंटली. असा अर्धवट एमआरएनए पेशी बहुधा आधीच नष्ट करते, म्हणजे तेवढंही प्रथिन साठत नाही. तीन अक्षरं एकदम वाढली असती तर चौकट पुन्हा जुळली असती आणि फक्त एक-दोन अमिनो आम्लांचा फरक पडला असता.

रिपोर्टातली खूण उलगडणं

जनुकीय रिपोर्टात ‘सी.२०ए>टी’ असं लिहितात. सी म्हणजे कोडिंग मजकूर, त्यातलं २०वं अक्षर, ए च्या जागी टी. मोजणी एटीजीच्या ए पासून. कोडॉन काढायला ३ नं भागा. भाग पूर्ण गेला तर तोच कोडॉन आणि त्याचं तिसरं अक्षर. बाकी उरली तर पुढचा कोडॉन, बाकी १ असेल तर पहिलं अक्षर आणि २ असेल तर दुसरं. २० भागिले ३: भागाकार ६, बाकी २. म्हणजे सातव्या कोडॉनचं मधलं अक्षर. बरोबर.

‘सी.७९जी>ए’: भागाकार २६, बाकी १. सत्ताविसाव्याचं पहिलं; हिमोग्लोबिन ई. ‘सी.११८सी>टी’: चाळिसाव्याचं पहिलं. तिथे सीएजी आहे, त्याचा टीएजी होतो, थांबण्याचा कोडॉन. भूमध्य सागराकाठच्या लोकांमध्ये थॅलेसेमियाचं हे मोठं कारण.

मग ‘सी.९२+५जी>सी’ असं काही दिसेल. भारतात बीटा थॅलेसेमियाचा सर्वांत जास्त सापडणारा बदल हाच. अधिकचं चिन्ह दिसलं की ३ नं भागायचं नाही. ९२वं अक्षर पहिल्या एक्सॉनचं शेवटचं, त्या ‘एजी’ मधला जी. आणि तिथून पुढे पाच घरं म्हणजे इंट्रॉनच्या आत. जीटीटीजीजी मधलं पाचवं अक्षर, म्हणजे शेवटचा जी, मोजा. तो सी झाला की कापण्याची जागा कात्रीला नीट ओळखू येत नाही, आणि कोडॉन एकही बदललेला नसताना बीटा ग्लोबिन तुटपुंजं बनतं.